घमेलंभर माती

नाही पण मला सांगा, शिकायचं काय ह्यात? आमचे एनएसएसचे सर प्रत्येक ड्यूटीनंतर सगळ्यांना गोल बसवून एकेकाला विचारतात, 'हं कौस्तुभ, काय शिकलास?' अहो, दीड दिवसाच्या गणपतींना नवघरच्या कृत्रिम तलावात संध्याकाळभर कंबरभर पाण्यात उभा होतो, पायाची बोटं पार सुरकुतली, आणि काय शिकलास...

तलाव म्हणजे तरी काय, खड्ड्यात निळं प्लास्टिक अंथरलेलं. लोकांनी मूर्ती आमच्या हातात द्यायची, आम्ही तीनदा बुडवून सोडायची. सोपं वाटतं ना? मूर्ती हातातून सोडतो कोण! 'हळू रे', 'भाई, मुंह इधर रखो', 'दादा, सोंड सांभाळा'... बरं, सोडली एकदाची, तर पहिल्याच काकू रिकामा पाट पुढे करून उभ्या. 'माती?' म्हटलं, कसली माती? 'अरे, तळातली माती पाटावरून घरी न्यायची असते. रिकामा पाट नेतात का कुणी?' आता प्लास्टिकच्या तळातून माती काढू कुठून? मागून एक गुजराती बेन, 'अमने पण आपो ने थोडी.' रांग अडली.

समोर टॉवरचं खोदकाम चाललेलं, मातीचा हा ढीग. गेलो घमेलं घेऊन. वॉचमन चक्क उठून उभा राहिला, 'ले जाओ सर, सेवा का काम है.' सर, आणि मी? मग काय, घमेल्यावर घमेलं. माती पाण्यात भिजवायची आणि पाटावर ठेवायची. लोक हात जोडून बिल्डरची माती पार शांती नगरपर्यंत घेऊन गेले. शिकायचं काय ह्यात, सांगा.

तेवढ्यात बाळाराम काका आले, इथलेच, जुन्या गावातले, सोबत शालन काकी. मूर्ती दिली, पाट पुढे केला. मी माती ठेवणार तर म्हणाले, 'कुठची रं ही?' म्हटलं, आता बसतेय कानाखाली. खोटं काही सुचेना, म्हणून दाखवलं समोर. काका बघतच राहिले. काकीच हळू म्हणाल्या, 'आमचंच शेत हाय ते. म्हंजे... व्हतं.'

'ही नको, मी घेतो माझ्या हातानं,' म्हणत काका अनवाणीच निघाले. तोच वॉचमन काठी आपटत आडवा, 'ऐ काका, किधर?' आणि ज्या माणसानं तिथे जन्मभर भात लावला तो, तुम्हाला सांगतो, हात जोडून विचारतोय, 'भैया, एक मुठ्ठी मट्टी लूं क्या?' 'ठीक है, लेकिन एक ही.' काकांनी एकच घेतली. दुसऱ्या हाताला लागलेली तीसुद्धा ढिगावर झटकली.

मी घमेली भरभरून नेली, मला कुणी हटकलं नाही. माझ्या गळ्यात कॉलेजचं ओळखपत्र होतं ना. फार वाईट वाटलं हो. काकांनी पाटावर मूठ उघडली, 'बरं हाय पोरांनो' म्हणाले, आणि दोघं गेले.

आता हे गोलात बसून सांगायचं कसं, सुरुवात कुठून करायची? सर घड्याळ बघतायत. स्वप्नाली म्हणाली 'स्वच्छता', अथर्व म्हणाला 'पर्यावरण', माझ्यासाठी काही उरलंच नाही. म्हटलं, 'सर... टीमवर्क.'

सर म्हणाले, 'व्हेरी गुड.'