मॅटला नमस्कार

अमेरिकेत मिशिगनमधल्या नोव्हायला मी हायस्कूलच्या मुलींना हाय जंप शिकवायचो, तेव्हाची ही गंमत. क्वालिफाइंग मीटमध्ये केतकीने पहिल्या उडीत बार पाडला. दुसऱ्या उडीसाठी नाव पुकारल्यावर तिने आधी बारखालून पलीकडच्या, उडीनंतर पडायच्या मॅटला हात लावून हात कपाळाला लावला. लगेच लाल झेंडा.

"काका, पण आय डिडन्ट जंप."

पंचबाई म्हणाल्या, "बार न ओलांडता मॅटला हात लागला, की उडी बाद."

केतकीची आई मला म्हणाली, "नमस्कार केला म्हणून आउट?"

एकच उडी उरली होती. केतकीला म्हटलं, "लांबूनच कर बाई."

केतकीने लांबून हात जोडले. मध्ये उभ्या पंचबाईंनीही गोंधळून जोडले. केतकी बार ओलांडून क्वालिफाय झाली.

पुढच्या अमेरिकन मुलीनेही पंचबाईंना हात जोडले. तिचा कोच मला म्हणाला, "हा नवा नियम आम्हाला कुणी कळवलाच नाही."