नाणं कोणी उडवायचं?

बस सुटायला अवकाश होता. शिंप्याच्या शेजारी आत्या-भाची येऊन बसल्या. भाचीच्या मांडीवर टोमॅटोच्या बारा रोपांचा ट्रे होता. शिंप्याने कान टवकारले.

“आत्या, खत घातलेलीच रोपं मागे पडली. आता दुकानदार तुझ्या खताच्या बाटल्या विकायला कशाला ठेवेल?”

“माझ्या हातचं खत आहे ते. मागे पडेलच कसं?”

“नाणं उडवूनच वाटणी केलीस ना? छापा आला तर खत, काटा आला तर नुसतं पाणी?”

“केली की! फक्त तीन किडकिडीत रोपं पाण्याच्या वाट्याला आली, ती मी खताकडे सरकवली.”

“अगं, का?”

“मेली असती गं बिचारी!”

“म्हणजे सगळी मरतुकडी तुझ्याच बाजूला. मग खत हरणारच!”

“बघ, म्हणजे हरलं नाहीच ते.”

“जिंकलंय असंही नाही. म्हणून तर ही नवी रोपं आणलीत. या वेळी नाणं मी उडवते.”

“तू नको. भाची आहेस, तुझाही हात सरकेल. अहो दादा, या रोपांशी तुमचं काही देणंघेणं?”

“छे हो!” शिंपी म्हणाला.

“मग तुम्हीच उडवा. मी डोळे मिटून बसते.”

शिंपी नाणं उडवत गेला आणि भाचीने अकरा रोपांना भराभर ‘खत’ किंवा ‘पाणी’ अशा चिठ्ठ्या लावल्या. बारावं रोप कोपऱ्यातलं, मान टाकलेलं. शिंप्याने नाणं झेललं आणि तो घुटमळला.

“काय आलं हो?”

“काटा. पण ताई, हे फारच नाजूक दिसतंय. परत एकदा उडवू का?”

“खबरदार!” आत्या डोळे न उघडताच कडाडली. “लाव गं चिठ्ठी. पाणी!”