तिसरा चौकोन

नोंदणी कचेरीच्या बाकावर ती टोकन घेऊन बसली होती. दत्तक गेलेल्यांनी स्वतःची फाइल मागायचा अर्ज तिनं घरूनच भरून आणला होता. शेजारी दोन म्हाताऱ्या गप्पा मारत होत्या. त्यातली एक इथल्याच खिडकीवरून निवृत्त झालेली.

"लेकीच्या फाइलसाठी किती अर्ज केलेत बाई तुम्ही! सगळे मीच परत केले."

"एकोणीस. शिक्का असा हाणायचात, की टेबल हलायचं."

"मग काय करणार? तुम्ही पायऱ्यांवर फलक घेऊन बसायचात आणि साहेबांची बोलणी मी खायची."

"तरी दुपारी चहा पाठवायचात."

"उन्हात बसलेलं बघवायचं नाही हो. कायदा बदलला तेव्हा मीही रडले. पण अर्जातल्या 'आईला भेटायचं आहे का?' याखाली हो आणि नाही पुरे होतं की! तिसऱ्या चौकोनापायी तुम्ही आणखी दोन वर्षं डोकं खाल्लंत."

"'अजून ठरलं नाही.' अहो, एवढी मोठी गोष्ट, माणसाला वेळ नको?"

"आणि तुमची लेक आली, तर तिनं नेमकी त्यावरच खूण केली. सहा वर्षं झाली. वाईट नाही वाटत?"

"छे! तो चौकोन नसता, तर 'नाही'वर केली असती."

खिडकीतून तिचा नंबर पुकारला. 'नाही'वर खूण केलेल्या हातातल्या अर्जाची घडी घालत ती उठली.

"कोरा अर्ज मिळेल का?"