बारा चॉकलेटं

गुरांकुत्र्यांच्या दवाखान्यात रांगेत माझ्यापुढे एक नवरा-बायको होते. पायाशी त्यांचं थोराड कुत्रं शेपूट हलवत बसलं होतं.

"डॉक्टर, आमच्या बाळ्याने डबाभर चॉकलेटं फस्त केली. बाराच्या बारा!"

"कुत्र्याला ते विषच. कधी खाल्ली?"

"यांना विचारा. घरी हेच होते."

"चार सकाळी, बाकीची जेवणानंतर."

"कागदासकट?"

"छे! कागद घडी घालून गादीखाली ठेवले."

"कुत्र्याने?"

"हुशार आहे हो तो."

"बरं, धरा घट्ट. ओकारीचं इंजेक्शन देतो."

"थांबा! त्या बिचाऱ्याने एकच खाल्लं. तेही माझ्या हातून पडलेलं."

"एवढ्या मोठ्या कुत्र्याला एकाने काही होत नाही."

"अहो, परवाच तुमची साखर तीनशे निघाली ना?"

"म्हणून तर एक कमी खाल्लं."

"चल बाळ्या, आपण गाडीने जाऊ. हे येतील चालत."