काय त्रास होतोय, सेन्योरा?

(पाराग्वेतलं काआसापाजवळचं एक खेडं, रविवारची दुपार. आंब्याखाली सेफेरिना, तिची बहीण पेत्रोना आणि राजधानीहून नुकताच आलेला सेफेरिनाचा मुलगा डेर्लिस. बोलणं घरच्या ग्वारानी भाषेत. तेरेरेचा, म्हणजे पाल्यावर थंडगार पाणी ओतून नळीनं प्यायच्या पेयाचा, एकच पेला हातोहात फिरतोय.)

पेत्रोना: तिसरी फेरी झाली, सेफेरिना. पोराला एकदाही पेला दिला नाहीस.

सेफेरिना: पाहुण्यांना ग्लासात पाणी ठेवलंय की. घ्या सेन्योर, संकोच करू नका.

पेत्रोना: पोटच्या पोराला हे सेन्योर नि अहो-जाहो काय लावलंयस?

सेफेरिना: मी नाही सुरू केलं.

डेर्लिस: राहू दे मावशी. मला तहान नाहीये.

पेत्रोना: तहानेचा काय संबंध? एका नळीनं पितात ती घरची माणसं. डुकरं विकत घ्यायला येतो त्या मेल्यालाही ही पेला देते. तू काय असं केलंस? फोनवर विचारलं तर तू गप्प, इथे ही गप्प.

डेर्लिस: गेल्याच्या गेल्या शुक्रवारी आई आली होती माझ्या दवाखान्यात.

पेत्रोना: ते मला सांगतोस? मीच बसवून दिलं बसमध्ये, चीजच्या पावांची, चिपाची टोपली मांडीवर ठेवून. पहाटे उठून चिपा भाजली होती तुझ्यासाठी. पुढे?

डेर्लिस: मी खिडकीवर होतो, नावं लिहून घ्यायला. आई रांगेतून पुढे आली. मला बघितलं आणि रडायलाच लागली. मी विचारलं, काय होतंय म्हणून.

सेफेरिना: कसं विचारलंत तेही सांगा.

डेर्लिस: स्पॅनिशमध्ये.

पेत्रोना: आईला? रडत असताना?

सेफेरिना: ‘तुम्हाला काय त्रास होतोय, सेन्योरा?’ अगदी गोड आवाजात. खरं सांगू पेत्रोना, आधी मला कौतुकच वाटलं. म्हटलं, किती छान बोलतो माझा पोर. मग लक्षात आलं, हा मलाच विचारतोय.

पेत्रोना: अरे, या घरात पाद्री आला की स्पॅनिश बोलतात, नाहीतर पोलीस आला की. आईशी कसली स्पॅनिश?

डेर्लिस: मागे साहेबीण उभी होती. खिडकीवर ग्वारानी बोललेलं तिला खपत नाही. मला नोकरीला लागून महिनाच झालाय. आणि मी तिथे सांगितलं होतं...

सेफेरिना: काय सांगितलं होतंत?

डेर्लिस: आई शिक्षिका आहे म्हणून.

सेफेरिना: अगं बाई. कुठल्या शाळेत?

डेर्लिस: आई, बास ना.

सेफेरिना: नाही, माहीत असलेलं बरं. उद्या कुणी विचारलं तर तोंडघशी नको पडायला.

पेत्रोना: मग? तू काय उत्तर दिलंस गं त्याला?

सेफेरिना: काय देणार? म्हटलं, चुकून आले, दुसरीकडे जायचं होतं. आणि निघाले. दारावरच्या पहारेकऱ्यानं हात धरून बाकावर बसवलं. ग्वारानीत विचारलं, काय झालं मावशी? चिपा त्यालाच दिली मी. उभ्याउभ्या दोन खाल्ल्या बिचाऱ्यानं.

डेर्लिस: मी मागून धावत आलो होतो.

सेफेरिना: कधी?

डेर्लिस: रांग संपल्यावर.

पेत्रोना: म्हणजे दुपारी. तोवर ही अर्ध्या वाटेवर पोचली असेल.

डेर्लिस: मला लाज वाटली गं. आता वाटते ती वेगळी. तेव्हा तुझी वाटली. तुझ्या चपलांची, त्या टोपलीची. खोटं कशाला बोलू? नऊ दिवस मला जेवण जात नाहीये.

सेफेरिना: लाज वाटायचीच. मीच पेरली ती. शाळेत असताना तुझ्या तोंडातून ग्वारानी शब्द आला की कोण चमचा मारायचं हातावर? स्पॅनिश शीक, नाहीतर माझ्यासारखा टोपली घेऊन हिंडशील. उगवलं ते मीच पेरलेलं. पण माझ्यावरच उगवेल असं नव्हतं वाटलं.

पेत्रोना: हे सगळं ठीक आहे. पण तू गेली कशाला होतीस ते सांगितलंस का याला?

सेफेरिना: पेत्रोना.

पेत्रोना: नाही, आता बोलणार मी. नऊ दिवस गप्प बसले.

डेर्लिस: काय? आई, काय झालंय? आई, काय होतंय तुला?

पेत्रोना: बघ, तोच प्रश्न आता ग्वारानीत आला तोंडून.

सेफेरिना: गाठ आहे. छातीत, डावीकडे. इथली नर्स म्हणाली, शहरात दाखवा, वेळ घालवू नका. परक्या माणसाला कसं सांगायचं असलं? म्हणून तुझ्याकडे आले होते. तुला बघितलं आणि धीरच सुटला.

डेर्लिस: आणि मी तुला परत पाठवलं. गाठ घेऊन.

सेफेरिना: तुला काय माहीत?

डेर्लिस: उद्या पहाटेच्या बसनं चल माझ्याबरोबर.

सेफेरिना: त्या खिडकीपाशी मी पुन्हा उभी राहणार नाही.

डेर्लिस: तू बाकावर बस. मी बाहेर येऊन विचारीन. ग्वारानीत, सगळ्यांदेखत.

सेफेरिना: आणि साहेबीण?

डेर्लिस: ऐकू दे.

सेफेरिना: नोकरी गेली म्हणजे?

डेर्लिस: टोपली घेऊन हिंडेन.

पेत्रोना: चिपा तरी येते का करायला?

सेफेरिना: उगाच नको ते बोलू नकोस. मी स्पॅनिशमध्येच बोलणार होते तिथे. बसमध्ये पाच तास पाठ केलं होतं. शेजारची बाई हसत होती मला. तुला खाली बघायला लागू नये म्हणून केलं. तूच खिडकीत असशील हे कुठे ठाऊक होतं?

डेर्लिस: काय पाठ केलं होतंस?

सेफेरिना: जाऊ दे.

डेर्लिस: सांग ना.

सेफेरिना: ‘नमस्कार. माझा मुलगा इथे काम करतो. त्याला जरा बोलावता का?’

पेत्रोना: सेफेरिना, आता तरी दे गं त्याला पेला.

सेफेरिना: पाणी कोमट झालंय हे. जा, आतून बर्फ घेऊन ये. कुठे असतो ते आठवतंय ना तुला, डेर्लिस?