फ्यूज माझ्या पर्समध्ये आहे

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि रविवारच्या घाटातल्या शर्यतीसाठी आमच्या गाडीच्या खर्चाचा भार उचलणारे टायरवाले साहेब, आमच्या वर्कशॉपचे मालक आणि माझे धाकटे बंधू, व्यासपीठावरील इतर मान्यवर, माझे सहकारी, आणि मागच्या दाराशी उभं राहून चहाची वाट पाहणारे सर्व सज्जनहो,

सत्काराला उत्तर देण्याआधी एक ताजी बातमी सांगते. मालकांचं भाषण चालू असताना आमचे इंजिनमिस्त्री जिना चढून आले आणि त्यांच्या कानाशी लागले, हे आपण सर्वांनी पाहिलं. मिस्त्रींनी काय सांगितलं? खाली शक्ती मोजायच्या रोलरवर बांधलेली गाडी सुरू होत नाही. स्टार्टर फिरतो, पण इंजिन पेट घेत नाही. मिस्त्रींचा शब्द कधी खोटा निघालेला नाही आणि आजही नाही. गाडी सुरू होणारच नाही. इंधनपंपाचा फ्यूज माझ्या पर्समध्ये आहे.

बस रे, बस. उठू नकोस. कुणी बोलत असताना मधेच उठून जाऊ नये, हे लहानपणी मीच तुला शिकवलंय.

अध्यक्ष महोदय, आपल्याला वाटेल, ही बाई सत्कार घ्यायला आली की चोरी करायला? दोन्ही. पण क्रमानं सांगते.

माझ्या निरोपाची बातमी मला नोटीस बोर्डावर वाचायला मिळाली. मंगळवारी आम्हा बहीणभावांचं भांडण झालं आणि बुधवारी हा हॉल ठरला. एवढी चपळाई आमच्या वर्कशॉपनं सुटे भाग मागवताना दाखवली असती, तर निम्मी गिऱ्हाईकं आज आपल्याशी बोलत असती! मालक आत्ताच फार सुंदर बोलले. म्हणाले, ताईंनी आयुष्यभर इंजिनं जुळवली, आता विश्रांती घ्यावी. मी थकले आहे, हे याला कुणी सांगितलं?

भांडण कशावरून झालं? ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. साध्या इंजिनात पिस्टन वर-खाली होतात. आमच्या गाडीच्या रोटरी इंजिनात तिकोनी रोटर गरगर फिरतो. त्याच्या प्रत्येक टोकाला करंगळीएवढी लांब, पातळ पट्टी असते आणि आतला सगळा भडका ती पट्टी अडवून धरते. टर्बो नावाचा पंखा त्यात हवा दाबून भरतो. त्या हवेला इंधन कमी पडलं किंवा ठिणगी लवकर पडली, की आत हातोडा बसावा तसा स्फोट होतो. पिस्टनवालं इंजिन अशा वेळी बहुधा आधी कुरकुरतं. आमचं मानी आहे, तक्रार करत नाही. सरळ पट्टी मोडतं, आणि तो तुकडा बाहेर पडताना टर्बोचीही पाती घेऊन जातो.

गेल्या मोसमात तेच झालं. पंप दमला, इंधन कमी पडलं आणि चढावरच्या वळणात पट्टी गेली. गाडी कोण चालवत होतं? मालकांची मुलगी, माझी भाची, जिला तुम्ही सगळे भिंगरी म्हणता. इंजिन मेलं, स्टिअरिंग दगड झालं आणि गाडी कठड्याला घासत घासत थांबली. पोरगी दार ढकलून हसत बाहेर आली. तिचा बाप तिथेच कठड्यापाशी उभा होता. मी शेजारीच उभी होते, माझा दंड धरला होता त्यानं. त्यानं ते विसरायचं ठरवलं असेल, तर त्याच्या वतीनं मी लक्षात ठेवते.

मिस्त्रींनी इंजिन पूर्ण उघडून नव्यानं बांधलं. नव्या पट्ट्या घातल्या, हलक्या हातानं फिरवून त्या बसवल्या. रोटरच्या सगळ्या बाजूंचा दाब सारखा भरतोय, हेही तपासलं. कामात बोट ठेवायला जागा नाही. शिवाय मालकांच्या हौसेखातर हवेच्या वाटा रुंद केल्या आणि टर्बोही मोठा चढवला. इंधन किती आणि ठिणगी कधी, ही सेटिंग गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये भरणं माझं काम. मग मालक मला म्हणाले, "ताई, जुनीच सेटिंग टाक. त्याच सेटिंगवर आपण कप आणलेत."

डोळ्याचं ऑपरेशन झाल्यावर कुणी जुन्या नंबरचा चष्मा लावून घाट चढतं का? जुनी सेटिंग जुन्या इंजिनाची. या इंजिनात हवा जास्त शिरणार आणि इंधन पूर्वीच्या हिशेबानं मिळणार. इंधन वाढवायला हवं, ठिणगी मागे घ्यायला हवी, आणि टर्बोचा दाब पायरीपायरीनं वर न्यायला हवा.

"किती वेळ लागेल?" यानं विचारलं.

"रविवारपर्यंत अर्ध्या दाबाची सेटिंग होईल. पूर्ण दाब पुढच्या महिन्यात."

"पुढच्या महिन्यात शर्यत आहे का?"

"नाही. पण इंजिन असेल."

"अर्ध्या दाबावर चौथा नंबर येईल, ताई!"

"येऊ दे."

"साहेब चौथ्या नंबरासाठी आलेले नाहीत."

साहेब, आपण कशासाठी आलात ते मला ठाऊक नाही, चहाच्या वेळी आपल्यालाच विचारीन. पण माझा भाऊ आपल्याला न विचारताच घाबरला. त्यानं आज सकाळी जुनी सेटिंग स्वतः भरली, ती भरायचा लॅपटॉप केबिनमध्ये ठेवला आणि केबिनला कुलूप घातलं. निमंत्रणाच्या तळाशी आपण वाचलंच असेल: चहापानानंतर पूर्ण शक्तीचं प्रात्यक्षिक. केबिनची किल्ली काही माझ्याकडे नाही. पण फ्यूज काढायला किल्ली लागत नाही.

काय म्हणालास? माइकवर म्हण ना. तो म्हणतोय, "ताई, माझी शोभा करू नकोस." अरे, खाली ते इंजिन चार पाहुण्यांसमोर फुटलं असतं तर फक्त शोभाच झाली असती. नशिबानं रोलरवर टिकलं असतं, तर रविवारी घाटात फुटलं असतं. तिथे शोभा होत नाही.

भिंगरी, पुढे ये. ही काल मला काय म्हणाली सांगू? "आत्या, मला कप नको. वरपर्यंत पोचणारी गाडी दे." हा घे फ्यूज. गाडी तू चालवणार, तर हा तुझ्याकडेच असू दे. आता बाबांसमोर हात पसर आणि केबिनची किल्ली माग.

लोक थांबलेत रे. मीही थांबलेय. मला घाई नाही, माझी आजपासून विश्रांती आहे म्हणे.

काय? "चौथा नंबर आला तर?" तर बाबा रे, या खेपेला तू कठड्यापाशी नाही, घाटमाथ्यावर तिची वाट बघत उभा असशील.

दिलीस. शहाणा आहेस. मिस्त्री, लॅपटॉप काढा. मी खाली येईपर्यंत तिला फ्यूज लावू देऊ नका.

तर मंडळी, हे भेट दिलेलं भिंतीवरचं घड्याळ मी आनंदानं स्वीकारते, ते रोलरच्या खोलीत लागेल. निरोप मात्र साभार परत. अध्यक्षांचे, आयोजकांचे आणि इतका वेळ चहाविना तग धरणाऱ्यांचे मनापासून आभार. बोलण्यात कुणाचा मान राखायचा राहिला असेल, तर मोठ्या मनानं पोटात घाला. धाकट्यानं मात्र रागवायचं असेल तर सोमवारी रागवावं, मी नेहमीच्या वेळेला कामावर येईन.

आता चहा होईल. चहा संपता संपता खालून आवाज येईल. पूर्ण शक्तीचा नसेल, संथ आणि एकसारखा असेल. उद्या दिवसभर आम्ही अर्ध्या दाबाची सेटिंग करू आणि रविवारी भिंगरी घाट चढेल. नंबर बहुधा चौथाच येईल. गाडी वर पोचेल.