ओढ्यातला मासा

डोंगराच्या कुशीतल्या सोंद्रिओच्या दवाखान्यात झीटा गुडघा दाखवायला आली होती. गुडघा दुखत असला तरी कान ठणठणीत होते. शेजारच्या बाकावर सासू एर्मेलिंदा आणि तिची पोटुशी सून टेक्ला बसल्या होत्या.

“मी दिलेला मासा मांजराला घातलास ना? खरं सांग.”

“घातला, आई. आपल्या ओढ्यातल्या माशांत डीडीटी सापडलंय. डॉक्टरीणबाईंना विचारल्याशिवाय मी खाणार नाही.”

“डीडीटी बंद होऊन जमाना झाला! कुणीतरी चोरून फवारतंय. तो शेजारचा बागवाला गाउदेन्त्सिओच असणार. त्याच्या एकाही सफरचंदाला कीड नाही.”

“आत्ताचं नाही हो ते. तेव्हा फवारलेलं वाऱ्याने वर डोंगरात गेलं, हिमनदीवर पडलं, बर्फात गाडलं गेलं. आता बर्फ वितळतंय, तसं ओढ्यात उतरतंय.”

“हे कुणी भरवलं तुला? तुझ्या आईनं?”

“पाणी तपासायला आले होते, त्यांनी.”

“मग फवारलं कुणी, तेही सांगितलं असेल.”

“ज्यांच्या बागा होत्या, त्या सगळ्यांनी. माझ्या माहेरी तर नुसत्या शेळ्या.”

“म्हणजे आलं आमच्यावरच! तुझे सासरे फवारून यायचे ते डोक्यापासून पायापर्यंत पांढरेफटक. तसेच तुझ्या नवऱ्याला उचलून घ्यायचे. अंगावर पीत होता गं तो तेव्हा.”

आतून टेक्लाच्या नावाची हाक आली. दोघीही उठल्या.

“आई, मला बोलावलंय.”

“ऐकू आलं. तू तुझ्या लेकराचं विचार. मला माझ्या लेकराचं विचारायचंय.”